सेवेत असताना

आमच्या आस्थापना विभागाचं नाव दोन वर्षांपूर्वी बदलून 'मनुष्यबळ विकास कक्ष' असं झालं. पाटी नवी आली, कपाटं तीच राहिली, आणि मी, ऋतुजा संपत काळोखे, कनिष्ठ लिपिक, त्याच खिडकीशी बसून तीच कामं करत राहिले. रजेचे अर्ज, सेवापुस्तकं, बदल्यांचे आदेश, आणि कोणी वारलं की अनुकंपाचा अर्ज.

या शेवटच्या कामात माझा हातखंडा होता आणि मी तो मिरवतही असे. करंजपूर महानगरपालिकेचा नियम साधा आहे. कर्मचारी नोकरीत असताना गेला तर त्याच्या एका वारसाला नोकरी मिळते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी गेला तर काही मिळत नाही. पत्रव्यवहाराची आणि हिशेबाची कामं यंत्रांनी गिळल्यापासून आमच्या गावात पदवीधर पोरांना कुणी उभं करत नाही, त्यामुळे हा एकच दरवाजा उरला आहे. भेटायला आलेली माणसं आधी हळूच विचारतात, "सेवेत होते ना?" हो म्हटलं की सगळ्यांचे चेहरे जरा सैल होतात. मी दहाव्याच्या दिवशी अर्ज घेऊन त्या घरी जायचे, कोपऱ्यात बसून सह्या घ्यायचे आणि महिन्याभरात आदेश काढून द्यायचे. लोक मला दुवा देत.

मी स्वतः तशीच लागले. माझे वडील, अण्णा, पाणीपुरवठा विभागात चावीवाले होते. गल्लोगल्ली फिरून रस्त्यातले व्हॉल्व उघडायचे, बंद करायचे. तीन वर्षांपूर्वी, निवृत्तीला चार महिने उरले असताना, टाकीच्या पायऱ्यांवरच गेले. आमच्या घरी अर्ज घेऊन मोकाशी मॅडम आल्या होत्या. त्या आमच्या अधीक्षक. मी रडत रडत सही केली आणि सही करताना मनात कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे 'स्पंदन हजेरी' आली. त्याआधीचं अंगठ्याचं यंत्र आमच्या लोकांपुढे हरलं होतं. झाडू आणि चाव्या धरून धरून ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या, त्यांचा अंगठा कसला घेणार? चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासमोर लोकांनी एकमेकांचे फोटो धरले. हृदयाचं सोंग मात्र कुणाला आणता येत नाही.

यातलं विज्ञान मला कंपनीच्या माणसानं समजावलं ते असं. हृदय दर ठोक्याला छातीची कातडी केसाच्या जाडीइतकी हलवतं. दारावरच्या डबीतून अतिसूक्ष्म रेडिओलहरी निघतात, सदऱ्यातून आरपार जातात आणि कातडीवरून परत फिरतात. परतताना त्यांच्यात जो बारीकसा फरक पडतो त्यावरून छाती किती हलली, केव्हा हलली, हे कळतं. प्रत्येकाच्या हृदयाचा आकार वेगळा, झडपा मिटण्याची वेळ वेगळी, बरगड्यांची ठेवण वेगळी. त्यामुळे दोन माणसांची नक्षी सारखी येत नाही. दारात वीस सेकंद उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की हजेरी झाली.

इथवर ठीक होतं. पण या यंत्राला शिकवताना कंपनीनं चाळीस लाख माणसांच्या हृदयांच्या जुन्या नोंदी त्याला दाखवल्या होत्या, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं तेही. त्यामुळे यंत्र नुसतं ओळखत नव्हतं. महिनाभर रोज वीस सेकंद एखादं हृदय ऐकलं की ते सांगू शकत होतं, या नक्षीची शंभर माणसं असतील तर त्यातली किती येत्या सात महिन्यांत जातील. पावसाचा अंदाज सांगतात तसंच हे, फक्त बरंच जास्त खरं ठरणारं. पहिल्या महिन्याच्या अहवालात हजेरीशेजारी हा एक जादा रकाना आला. तेराशे बारा नावं होती. त्यातली अकरा लाल होती.

आयुक्तांनी चांगला निर्णय घेतला, हे मी कबूल करते. अकराही जणांचे आजार शस्त्रक्रियेनं बरे होण्यासारखे होते. सगळा खर्च महापालिका करणार, पगारी रजा देणार. प्रत्येकाला एक बंद पाकीट द्यायचं. त्यात आजाराची माहिती आणि खाली दोन चौकटी, संमती आणि नकार. ज्याची त्याला गोष्ट कळावी, बाकी कुणाला नाही, अगदी घरच्यांनाही नाही, असा कायदा होता. पाकिटं पोचवायचं काम माझ्याकडे आलं आणि गुप्तता पाळण्याच्या हमीपत्रावर माझी सही घेतली गेली.

मी आनंदानं फिरले. अकरा माणसांचा जीव वाचवायला निघाले आहे असंच वाटत होतं. आठवड्यानं कागद परत आले. चौघांनी संमतीवर खूण केली होती. सातजणांनी नकारावर.

कंपनीचा माणूस म्हणाला, अडाणी लोक, ऑपरेशनला भितात. मलाही तसंच वाटलं. मोकाशी मॅडमनी कपाटातून निवृत्त होणाऱ्यांची यादी काढली आणि लाल नावांच्या यादीशेजारी ठेवली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, बघ. सातहीजण पुढच्या दहा महिन्यांत निवृत्त होणार होते. सातहीजणांच्या घरी बेकार मुलगा किंवा मुलगी होती. संमती देणारे चौघे चाळिशी-पंचेचाळिशीतले.

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

सातांमध्ये एक नाव बाजीराव शेडगे होतं. शेडगेमामा अण्णांच्या जोडीचे चावीवाले. लहानपणी मला खांद्यावर बसवून टाकी दाखवायला न्यायचे. त्यांनी माझ्यासमोर, दारात उभ्या उभ्या, पाकीट फोडून वाचलं होतं आणि माझंच पेन मागून नकारावर खूण केली होती. मी समजले, घाईत चुकले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टाकीवर गेले. मामा आपल्या लांब लोखंडी चावीला तेल लावत बसले होते. मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप कडक झाली आहे, ती नीट उघडत नाही, त्यामुळे हृदयावर ताण येतो. तशा शंभरातली सत्तर माणसं सात महिन्यांत जातात. झडप बदलली तर शंभरातली पंच्याण्णव जगतात.

"व्हॉल्व जाम झालाय म्हण की," मामा म्हणाले. "नवा बसवला तर किती चालंल?"

"पंधरा वर्षं. वीससुद्धा."

"मंग तर नगंच."

मी हसले, कारण मामा नेहमी थट्टा करत. पण ते हसत नव्हते. त्यांनी शांतपणे सगळा हिशोब मांडला. जूनअखेर निवृत्ती. बायको आठ वर्षांपूर्वी गेलेली. अक्षता, त्यांची एकुलती एक, बी.एस्सी. होऊन पाच वर्षं साडीच्या दुकानात घड्या घालते. लग्न मोडून आलेली आहे. मामा ऑपरेशन करून जगले तर जुलैपासून घरात बसणार, आणि अक्षता जन्मभर घड्या घालणार. जूनच्या आत गेले तर ती महापालिकेत लागणार. यंत्रानं शंभरात सत्तर सांगितलं होतं आणि त्यांना ते सत्तर कमी वाटत होते. जड चाव्या फिरवायच्या पाळ्या मुद्दाम मागून घेतो आहे, असंही म्हणाले.

मी चिडले. असं कुणी करतं का, असं मी ओरडलेच.

"तुझ्या अण्णानं न्हाई केलं?" मामा बोलून गेले आणि लगेच चावीकडे बघायला लागले.

मी उठले नाही. मग त्यांना सांगावंच लागलं. अण्णांच्या छातीत दुखायचं म्हणून दोघं पुण्याला जाऊन आले होते. तीन रक्तवाहिन्या बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, चांगले जगाल. अण्णांनी परतीच्या गाडीत मामांना कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. त्यानंतर ते पाच महिने रोज टाकीच्या एकशे दहा पायऱ्या चढत राहिले. तिथं त्यांची पाळीसुद्धा नसायची.

टाकीवरून ऑफिसात मी कशी आले ते मला आठवत नाही. माझ्या खुर्चीवर बसले आणि ताडकन उठले. त्या खुर्चीत मला बसवेना. मोकाशी मॅडमनी पाणी दिलं, काय झालं विचारलं, मी ऊन लागलं म्हणाले. नोव्हेंबर महिना होता.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी तिला ही बातमी कशी सांगावी याचा विचार करत होते. तिला धक्का बसेल, तिचं रक्तदाबाचं आहे, असं सगळं मनात घोळवत मी बोलायला सुरुवात केली. पुण्याचं नाव निघाल्यावर आईचा हात परातीत थांबला.

"फाईल मला सापडली होती," ती म्हणाली. "पिठाच्या डब्यामागं."

तिनं अण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले, रिटायर झाल्यावर करू. ती समजली. त्यांना कळलं की ती समजली आहे. पुन्हा त्या घरात तो विषय निघाला नाही. दोन महिने ती त्यांना डबा करून देत राहिली आणि ते जिना चढायला जात राहिले.

मी म्हटलं, तू त्यांना मरू दिलंस. हे शब्द मी आईला बोलले.

आई रडली नाही. "नोकरी मिळेना म्हणून तू वर्षभर खोलीचं दार लावून बसली होतीस," ती म्हणाली. "एकदा दार आतून उघडेना तेव्हा त्यांनी कडी तोडली. विसरलीस? दोघांतलं एक जाणार असं मला वाटलं. मी गप्प बसले."

तव्यावरची भाकरी करपली. ती उतरवायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही. मी विसरले नव्हते, पण त्या कडीचा आणि टाकीच्या पायऱ्यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तीन वर्षं मी लोकांना सांगत होते, आमचे अण्णा अचानक गेले.

पुढचे दोन दिवस मी कामावर गेले आणि यंत्रासारखी वागले. तोवर लाल रकान्याची कुणकुण गावभर लागली होती. खिडकीशी माणसं येऊ लागली. मला वाटलं होतं, विचारतील, मी आजारी तर नाही ना? एक ड्रायव्हर आला, त्याला कायद्यानं त्याचा आकडा सांगता येत होता, मी सांगितला. शंभरात दोन, एकदम तंदुरुस्त. तो म्हणाला, पुन्हा एकदा तपासून बघता का, मॅडम. निवृत्तीला त्याचे पाच महिने बाकी होते. एका शिपायाची बायको पदर तोंडाशी धरून आली आणि यांचा रंग कुठला आहे तेवढंच सांगा म्हणाली. नियमात बसत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं, निदान लाल असले तर मान हलवा. मी मान खाली घातली आणि ती जाईपर्यंत वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी मी हमीपत्र मोडलं. जेवणाच्या सुट्टीत साडीच्या दुकानात गेले, अक्षताला मागच्या गोदामात नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तिचा बाप काय करतो आहे ते, आणि माझ्या बापानं काय केलं तेही. ती एका साडीची घडी घालत होती. घडी चुकली, तिनं ती मोडली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली.

"बाबांना ठाऊक आहे? बरं होता येतं ते?"

"हो."

"आणि तरी?"

मी हो म्हटलं. ती साड्यांच्या गठ्ठ्यावर बसली. ती म्हणाली, "नोकरी फक्त मलाच मिळते ना? दुसऱ्या कुणाला नाही?" मला वाटलं, झालं, हीसुद्धा आता महिने मोजणार. मी कोरडेपणानं म्हटलं, फक्त तुला.

"मग मी नको म्हणून आधीच लिहून दिलं तर?"

महापालिकेला नव्वद वर्षं झाली, असा कागद कुणी कधी दिलेला नव्हता. नियमात मात्र तो बसत होता. वारसाला हक्क सोडता येतो, कधी सोडायचा याला मुदत नाही, आणि एकदा आवक नोंदवहीत चढला की कागद मागे घेता येत नाही. नमुना नव्हता, तो मीच तयार केला. 'माझे वडील श्री. बाजीराव शेडगे हे सेवेत असताना मयत झाल्यास मला मिळणाऱ्या अनुकंपा नियुक्तीवरील हक्क मी स्वखुशीने व कायमचा सोडत आहे.' अक्षतानं कोर्टासमोर नोटरी करून तो आणला आणि माझ्या खिडकीतून आत सरकवला. मी शिक्का मारला. नियमाप्रमाणे एक प्रत कर्मचाऱ्याला पाठवली.

शेडगेमामा दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. गणवेशात होते, हातात ती प्रत होती. खिडकीशी रांग होती, ती आपोआप बाजूला झाली. मला वाटलं, ओरडतील, शिव्या देतील. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं.

"पोरी, माझं मरण फुकट घालवलंस."

ते मागच्या बाकावर जाऊन बसले. तासभर बसले असतील. अक्षता आली, त्यांच्याशेजारी बसली, दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मग मामा उठून परत खिडकीशी आले आणि संमतीचा कागद मागितला. त्यांची खूण दोनदा चौकटीबाहेर गेली. मरायचं ठरवलं तेव्हा ती एका फटक्यात झाली होती, ते मीच पाहिलं होतं.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. झडप उत्तम बसली. जूनअखेर त्यांना नारळ आणि शाल मिळाली. अक्षता अजून साडीच्या दुकानात आहे. मामा रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूला जातात. मी त्यांना दोष देत नाही.

उरलेल्या सहा घरीही मी तो नमुना घेऊन गेले. त्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे, चौकशी चालू आहे. दोन मुलांनी वाचल्या वाचल्या सही केली. एक मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडली आणि विचार करते म्हणाली, अजून विचारच करते आहे. दोघांनी कागद तसाच परत दिला. सहाव्या घरी मुलगा माझ्याच वयाचा होता. त्यानं कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही आधी तुमची नोकरी सोडा, मग या." त्याचे वडील फेब्रुवारीत गेले, सेवेत असताना. दहाव्याला अनुकंपाचा अर्ज घेऊन मलाच जावं लागलं. त्यानं सही केली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कसं सोडणार? आईची औषधं आहेत, घर आहे, ही सगळी कारणं खरी आहेत. पण तो म्हणाला त्याहून वेगळाच प्रश्न मला छळत होता. मी सगळ्यांना सांगत फिरत होते की, मला कुणी विचारलंच नाही, विचारलं असतं तर मी अण्णांना वाचवलं असतं. ऐकणारे मान डोलवत. आईसुद्धा त्याच एका गोष्टीवरून माझी नजर चुकवायची.

काल जेवणाच्या सुट्टीत कक्षात कुणी नव्हतं. मी तो नमुना पडद्यावर उघडला. शेडगेमामांच्या नावाच्या जागी श्री. संपत काळोखे लिहिलं, अक्षताच्या जागी माझं नाव लिहिलं, तारीख तीन वर्षांपूर्वीची घातली आणि छापून घेतलं. त्या कागदाला आता काही अर्थ नव्हता. त्यानं कुणाचं काही जाणार नव्हतं, कुणी परत येणार नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, तेव्हा विचारलं असतं तर मी सही केली असती का.

मी पेनाचं टोपण काढलं. चोवीस वर्षांची मी आठवून पाहिली, ते बंद दार आठवलं, ती तुटलेली कडी, आणि दारात उभे असलेले अण्णा. सुट्टी संपेपर्यंत मी कागदावर पेन टेकवून बसले होते. सही झाली नाही.